चिन्नोर घरी ठेवून अमेरिकेला

भंडारा जिल्ह्यात महामार्गावर ठाणा पेट्रोलपंपाला बसमधून उतरलं की जवाहरनगरचा रस्ता लागतो. दारूगोळ्याच्या कारखान्याभोवती साठच्या दशकात वसलेली ही वसाहत. नोकरीसाठी देशभरातून माणसं इथे आली, क्वार्टरमध्ये संसार थाटले, मुलांना इथल्याच शाळेत घातलं आणि निवृत्तीनंतर त्यांतल्या कितीतरी जणांनी आसपासच घरं बांधली. मुलं मात्र नागपूरला इंजिनिअरिंग करून पुण्याला, हैदराबादला आणि तिथून न्यू जर्सीला, टेक्सासला गेली. संध्याकाळी फिरायला निघालेल्या माणसांच्या बोलण्यात म्हणून हल्ली पेन्शनच्या जोडीला पासपोर्ट आणि व्हिसा असतो.

मीही त्याच कारखान्यातून निवृत्त झालो. मुलीकडे दोनदा जाऊन आलो, तेव्हापासून शेजारीपाजारी कागद घेऊन येतात. मागच्या महिन्यात एक शेजारी आले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी यादी केली होती: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, शिकागो, यलोस्टोन, लास वेगास, ग्रँड कॅन्यन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ऑरलँडो, ह्यूस्टन. अकरा नावं. मुलगा न्यू जर्सीत, त्याला रजा जेमतेम दोन आठवड्यांची, यांचा एकूण मुक्काम एकवीस दिवसांचा. मी यादीकडे बघत राहिलो तसे ते म्हणाले, "एवढ्या दूर जाऊन राह्यलो तं सारंच पाहून येऊ ना भाऊ."

या वाक्यातली ओढ मला समजते. आयुष्यभर रजेचा आणि पैशाचा हिशेब करत जगलेल्या माणसाला एकदाच मिळणारी संधी पुरेपूर वापरावीशी वाटते. पण मोठ्या देशाचा प्रवास याच वाक्यापाशी बिघडतो, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की या प्रश्नाचा सगळा आढावा एकदा नीट घ्यावा असं वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या देशाचं नियोजन म्हणजे गाळण्याचं काम. काय बघायचं हे ठरवणं सोपं असतं. काय बघायचं नाही हे घरच्या सगळ्यांनी मिळून, निघण्याच्या वर्षभर आधी ठरवायला हवं.

आकारापासून सुरुवात करू, कारण तोच आपल्या अंदाजात बसत नाही. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, अमेरिकेचं ९८ लाखांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा, तर एकटं टेक्सास त्याच्या दुपटीहून मोठं. दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्स्प्रेस ४,१०० किलोमीटरांहून जास्त धावते आणि ती आपल्या देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा रस्ता तिच्याहूनही लांब, सुमारे ४,७०० किलोमीटरांचा. विमानानेसुद्धा सहा तास लागतात आणि घड्याळ तीन तासांनी मागे घ्यावं लागतं. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला जाणारी 'कॅलिफोर्निया झेफिर' ही रेल्वे वेळेवर चालली तरी बावन्न-त्रेपन्न तास घेते. आपण भंडारा रोडला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो, प्रवास म्हटल्यावर मनात तेच माप असतं. ते माप इथे लागू पडत नाही.

त्या शेजाऱ्यांच्या यादीतल्या अकरा जागा मी नकाशावर पेन्सिलीने जोडून दाखवल्या. चार-पाच विमानं, मध्ये भाड्याच्या गाड्या आणि प्रत्येक विमानामागे अर्धा दिवस विमानतळावर. एकवीस दिवसांपैकी आठ दिवस नुसते सामान उचलण्यात आणि ठेवण्यात जाणार होते. त्यांची पत्नी सोबत आली होती. तिचे गुडघे दुखतात. ती इतका वेळ गप्प होती. रेघा बघून म्हणाली, "मले तं नातीजवळच राहाचं हाये." ही गोष्ट नियोजनाच्या पहिल्या दिवशी बोलली गेली पाहिजे. बहुतेक घरांत ती तिकिटं काढून झाल्यावर बोलली जाते.

आपल्याकडच्या अमेरिकावारीला जुना इतिहास आहे आणि तो नियोजनाच्या अंगाने वाचण्यासारखा आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. पण त्याआधी काही वर्षं न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. काय खायचं, कोणते कपडे चालतील, थंडी किती, लोक कसे, हे सगळं पत्रांतून जाऊन-येऊन झालं होतं. त्या उतरल्या तेव्हा देश अनोळखी होता, पण एका घराचा पत्ता आणि त्या घरातली माणसं ओळखीची होती. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, हिंडल्या. १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालं. आजही जवाहरनगरहून जाणारा माणूस बहुधा एका घराच्या पत्त्यावर जातो. त्या घराला केंद्र धरून, गाडीने चार-पाच तासांत जाता येईल तेवढंच बघायचं ठरवलं, तर प्रवास निम्म्या कष्टात होतो. मुलगा न्यू जर्सीत असेल तर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन एवढंही पंधरा दिवसांना भरपूर आहे. एकट्या वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांना तीन दिवस पुरत नाहीत, आणि तिथे प्रवेशशुल्क नाही.

आता कागद. आमच्या वसाहतीचा प्रश्न इथे इतर गावांहून वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झालं, सात कंपन्या झाल्या आणि भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. जुने कर्मचारी मात्र प्रतिनियुक्तीवर मानले गेले, म्हणजे केंद्र सरकारचेच राहिले. त्यामुळे नोकरीत असलेल्याला खासगी कारणाने परदेशी जायचं तर आधी परवानगी लागते. अर्जात कोणत्या देशात, किती दिवस, कशासाठी, अंदाजे खर्च किती आणि तो पैसा कुठून येणार, शिवाय मागच्या चार वर्षांत कुठे जाऊन आलात, एवढं सगळं लिहायचं असतं. कार्मिक विभागाच्या २०१५ च्या आदेशात एकवीस दिवसांत निर्णय कळवावा असं आहे. पण संरक्षण उत्पादनातल्या माणसाने त्या एकवीस दिवसांवर तिकीट काढू नये. मी अर्ज पाच-सहा महिने आधी द्यायला सांगतो आणि पोच घेऊन ठेवायला सांगतो. खर्चाच्या रकान्यात मुलगा तिकीट काढून देणार असेल तर तसंच लिहावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि पुढे कुणी विचारलं तर तोच कागद आपली बाजू धरतो.

पासपोर्टसाठी नोकरदाराने ना-हरकत पत्राची वाट बघत बसण्याचं कारण नाही. कार्यालयाला पूर्वसूचना देऊन तिची प्रत अर्जाला जोडण्याची सोय आहे. नागपूरचं पासपोर्ट कार्यालय पन्नासेक किलोमीटरवर आहे. खरी अडचण नावांची होते. सेवापुस्तकात एक, आधारवर दुसरं, पत्नीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि बँकेत सासरचं. आमच्या पिढीतल्या बायकांची ही कागदोपत्री दोन-दोन नावं जुळवायला तीन-चार महिने सहज जातात. म्हणून प्रवासाचा विचार मनात आला की सर्वांत आधी घरातल्या सगळ्यांचे सगळे कागद टेबलावर पसरावेत आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघावीत. पासपोर्ट छत्तीस पानांचा, दीड हजार रुपये शुल्काचा आणि दहा वर्षांचा. मुदत संपायला वर्ष उरलं असेल तर आधी नवा करून घ्यावा, कारण अनेक देश प्रवासानंतरही सहा महिन्यांची मुदत मागतात.

रजा प्रवास सवलतीबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतं. ती परदेशासाठी नाही. मध्ये काही ठिकाणी कर्मचारी देशातल्या देशात जाताना वाटेत कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर करून यायचे आणि सवलत घ्यायचे. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की परदेशातून वळसा घातलेल्या अशा प्रवासाला करातली सूट लागू नाही.

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा हा या सगळ्यातला सर्वांत मोठा टप्पा. १७ जून २०२३ पासून त्याचं शुल्क माणशी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. जुलै २०२५ च्या कायद्यात आणखी २५० डॉलरच्या शुल्काची तरतूद झाली आहे, तेव्हा भरण्याच्या दिवशी नेमकं काय लागू आहे ते बघूनच बजेट धरावं. पूर्वी एकोणऐंशीच्या वरच्यांना मुलाखतीतून बहुधा सूट मिळायची. २ सप्टेंबर २०२५ पासून ती गेली, त्यामुळे आजी-आजोबांनाही मुंबईला जावं लागतं. बोटांचे ठसे आणि फोटो एका भेटीत, मुलाखत दुसऱ्या भेटीत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मोबाइल नेता येत नाही. सोबत आलेल्या मुलाने बाहेर फोन धरून थांबावं, किंवा फोन मुक्कामीच ठेवावा. आणि मुलाखतीच्या तारखा! कधी महिन्याभरात मिळतात, कधी वर्ष उलटतं. तिकिटाची तारीख व्हिसाच्या मागे चालली पाहिजे, पुढे नाही.

जवाहरनगरच्या माणसाने या अर्जातल्या एका प्रश्नाकडे नीट लक्ष द्यावं. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरताना विचारलं जातं: शस्त्रं, स्फोटकं, अणू, जैविक किंवा रसायनं यांबाबतचं काही विशेष कौशल्य किंवा प्रशिक्षण तुमच्याकडे आहे का? देशातल्या बहुतेक अर्जदारांचं बोट न वाचता 'नाही'वर जातं. आमच्याकडच्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं स्फोटकांच्या कारखान्यात काढलेली असतात. असाच एक अर्ज माझ्याकडे एका निवृत्त चार्जमनचा आला होता. नागपूरच्या एका एजंटाने भरून दिलेला, आणि या प्रश्नापुढे 'नाही'. वर नोकरीच्या रकान्यात कारखान्याचं नाव ठळक. एकाच अर्जात दोन उत्तरं एकमेकांना खोटं पाडत होती. आम्ही दोघांनी बसून तो पुन्हा भरला. 'हो' केलं आणि खाली दिलेल्या जागेत चार सरळ वाक्यं लिहिली: कोणत्या खात्यात होतो, काम काय होतं, कधी निवृत्त झालो. कामाचं तपशीलवार वर्णन करायचं नाही, ते आपल्या सेवेच्या गोपनीयतेचं आहे. पण हुद्दा आणि कामाचा प्रकार लपवायचा नाही. अशा उत्तरानंतर जादा चौकशीसाठी अर्ज काही आठवडे, काही महिनेही थांबू शकतो. म्हणून तर वर्षभर आधी सुरुवात. त्यांचा अर्ज थांबला, आणि मग व्हिसा आला.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. तिथल्या कायद्यानुसार अर्जदार कायमचा राहायला येतोय असंच आधी गृहीत धरतात आणि तसं नाही हे आपण पटवायचं असतं. आमच्याकडची माणसं यासाठी घराची कागदपत्रं, शेतीचा सातबारा, मुदत ठेवींच्या पावत्या असं गाठोडं नेतात. न्यावं, पण बहुतेकदा ते उघडायला सांगत नाहीत. विचारतात ते एवढंच की कशाला जाता, कुणाकडे, किती दिवस, परत येऊन काय करणार. सुनेच्या बाळंतपणाला जात असाल तर तेच सांगावं. पर्यटनाचं ठोकळेबाज उत्तर पाठ करून गेलेला माणूस पुढच्या प्रश्नाला अडखळतो. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका वेळी किती राहायचं हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. ती तारीख उतरल्यावर ऑनलाइन बघून वहीत लिहून ठेवावी.

ऋतूचा विचार आपल्याकडे अगदी शेवटी होतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून नातवंडांसह जाणाऱ्यांना मे-जून धरावा लागतो, ते ठीक. पण निवृत्त जोडप्याने उन्हाळ्याच्या गर्दीत का जावं? मला सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वांत योग्य वाटतो. ईशान्येकडच्या राज्यांत पानं लाल-पिवळी होतात, थंडी सोसवते, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरते. ज्याची थोडी शेती आहे त्याची रोवणी तोवर आटोपलेली असते आणि कापणीच्या आत परतही येता येतं. हिवाळ्यात गेलात तर कितीतरी जागा बंदच असतात. यलोस्टोनमधले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलपर्यंत गाड्यांना बंद, नायगाराची बोटही हिवाळ्यात थांबते. फ्लोरिडाकडे जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग, त्या आठवड्यात विमानप्रवास टाळावा.

ज्या दोन जागांची नावं प्रत्येक यादीत असतात त्यांच्याबद्दल थोडं सांगतो, कारण तिथेच सर्वांत जास्त निराशा पाहिली आहे. नायगारा अर्धा अमेरिकेत, अर्धा कॅनडात. समोरून, पूर्ण रुंदीचा धबधबा दिसतो तो कॅनडाच्या काठावरून. तिथे जायला भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो आणि तो आधीच काढावा लागतो. आमच्या पहिल्या वेळी हे माहीत नव्हतं. जावयाला एकाच दिवसाची सुट्टी होती, म्हणून रात्रभराच्या बसने गेलो. न्यूयॉर्कपासून साडेसहाशे किलोमीटर. पहाटे उतरलो तेव्हा आम्ही दोघं इतके थकलो होतो की बोटीच्या रांगेत पत्नी कठड्याला टेकून डुलक्या घेत होती. पुलापलीकडे माणसं दिसत होती, आम्हाला जाता येत नव्हतं. दुसऱ्या वेळी दोन रात्री राहिलो, कॅनडाचा व्हिसा होता, आणि ती एका बाकावर तासभर नुसती पाण्याकडे बघत बसली.

ग्रँड कॅन्यनचंही तसंच. लास वेगासहून एका दिवसात जाऊन येता येतं ते बहुधा पश्चिमेचं टोक. काचेचा पूल तिथेच आहे. तो भाग हुआलापाय या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आहे, राष्ट्रीय उद्यानात येत नाही. फोटोंत आपण पाहतो ती अथांग, थरांथरांची दरी दक्षिण काठावरची, लास वेगासहून साडेचारशे किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन ती धड बघता येत नाही, तिथे रात्र काढावी लागते, तरच संध्याकाळचं आणि सकाळचं ऊन दगडावर बदलताना दिसतं. टूर कंपनीच्या पुस्तिकेत नुसतं 'ग्रँड कॅन्यन' छापलं असेल तर कोणता काठ, हा प्रश्न विचारावा. शिवाय २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी धरून अकरा लोकप्रिय उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी शंभर डॉलर जादा द्यावे लागतात. अडीचशे डॉलरचा वार्षिक पास काढला तर हा भार वाचतो. दोन उद्यानं बघणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब आधी करावा.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. परदेशी सहलीचं पॅकेज घेताना स्रोतावर कर कापून घेतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेवरच्या रकमेला तो वीस टक्क्यांवर गेला आणि पेन्शनधारक घाबरले. त्यानंतर अर्थसंकल्पात मर्यादा आणि दर बदलत आले आहेत. पण हा जादा खर्च नव्हे, विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. फक्त तो पैसा काही महिने अडकून राहतो, तेवढी तजवीज हवी. दुसरी गोष्ट विम्याची, आणि इथे मी प्रत्येकाशी वाद घालतो. कारखान्याच्या रुग्णालयाचा किंवा केंद्र सरकारच्या सीजीएचएस आरोग्य योजनेचा आधार अमेरिकेत नाही. तिथे एका रात्रीच्या दवाखान्यात आपली कित्येक वर्षांची बचत जाऊ शकते. साठीनंतरच्या माणसाला मधुमेह, रक्तदाब, स्टेंट यांतलं काहीतरी असतंच आणि स्वस्त पॉलिसी 'आधीपासूनचा आजार' म्हणून नेमकं तेच वगळते. विमा विकत घेताना हप्ता किती हे नंतर विचारावं. आधीच्या आजाराचा अचानक त्रास झाला तर किती रकमेपर्यंत पैसे देणार, हे लेखी बघावं. रोजच्या खर्चाला ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसीपेक्षा एकूण बिलाचा मोठा भाग उचलणारी महाग पॉलिसी चांगली. मुलांना ही रक्कम उगाच गेलेली वाटते. ती ऑरलँडो रद्द करून भरावी.

स्वतः जावं की टूर कंपनीबरोबर? मराठी माणसाला परदेश दाखवण्यात टूर कंपन्यांचा वाटा मोठा आहे. केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, जेवणात वरणभात, बायकांच्या वेगळ्या सहली, यामुळे इंग्रजीचा धसका असलेली किती माणसं घराबाहेर पडली. ज्याचं तिथे कुणी नाही त्याने सहलीबरोबरच जावं असं माझं मत आहे. ज्याचं घर तिथे आहे त्याने मात्र दोन्ही किनारे पंधरा-वीस दिवसांत दाखवणाऱ्या सहलीपेक्षा मुलाच्या घरी राहून मधले चार दिवस एखाद्या जवळच्या सहलीला जाणं बरं. इंग्रजी येत असेल तर बस, रेल्वे वापरता येते, पण लक्षात घ्या, मोठी शहरं सोडली तर तिथे गाडीशिवाय दुकानातही जाता येत नाही. आपल्या आरटीओकडून हजार रुपयांत वर्षभराचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. पण पस्तीस वर्षं डाव्या बाजूने स्कूटर चालवलेल्या माणसाने साठीनंतर उजव्या बाजूच्या महामार्गावर हात आजमावू नये. मुलाच्या रजेवर विसंबावं आणि म्हणूनच त्याच्या रजेएवढाच कार्यक्रम आखावा.

इतर मोठ्या देशांचा विचारही आता होऊ लागला आहे. रशिया तर १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटरांचा, अकरा कालविभागांचा. १९६१ साली अण्णा भाऊ साठे तिथे जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. आज भारतीयांना ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो, मुलाखत नाही. पण मार्च २०२२ पासून आपल्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत, तेव्हा सगळा खर्च रोखीने न्यावा लागतो. चीनने पाच वर्षांच्या खंडानंतर जुलै २०२५ मध्ये भारतीयांना पर्यटक व्हिसा पुन्हा देणं सुरू केलं. तिथे व्हॉट्सअॅप आणि गुगल चालत नाही, त्यामुळे पैसे भरण्याची आणि घरी बोलण्याची व्यवस्था इथूनच करून जावी. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ऑनलाइन होतो, तिथले ऋतू आपल्या उलट. सगळीकडे गाळण्याचं काम तेच. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग बघितलं म्हणजे रशिया झाला असं नाही, पण दहा दिवसांत तेवढंच नीट होतं. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचे ९,२८९ किलोमीटर हा वेगळाच प्रवास आहे.

मुंबईला न जाता नागपूरहून दोहा किंवा शारजामार्गे निघणं आमच्या भागातल्या लोकांना सोयीचं पडत आलं आहे. बॅगा एकदाच द्यायच्या, मुंबईची धावपळ नाही. एकच तिकीट असलं पाहिजे, दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायला गेलात आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही.

शेवटी सामान. भंडारा जिल्हा धानाचा. इथल्या चिन्नोर तांदळाचा वास शिजताना चार घरं जातो, आणि मुलांकडे निघालेली आई पहिली पिशवी भरते ती चिन्नोरची. पत्नीने पहिल्या वेळी पाच किलो भरले होते, पुरचुंडी बांधून, वर जुनी साडी गुंडाळून. वजनकाट्याला लटकवून बॅग बघितली, तेवीस किलोत बसत होती. मग मुलीचा फोन आला, भात आणू नका. धान्य पोखरणारा खापरा नावाचा छोटा भुंगेरा आपल्याकडे गोदामांत असतो. तो तिकडे शिरू नये म्हणून अमेरिकेने २०११ पासून, हा किडा असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला सामानात तांदूळ आणायला बंदी केली आहे. अर्धा किलोही चालत नाही. बाकीचं खाणं जाहीरनाम्यात खरं खरं लिहावं, लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. ताजी फळं, बियाणं, मांसाचं काही नेऊ नये. लाखोळीच्या डाळीचे वडे तिथे जाऊन करायचे तर त्या डाळीबद्दलही आधी मुलांकडून नियम बघून घ्यावा. चिवडा, लोणचं, मसाले नीट बंद पाकिटात गेले, आमचे तरी.

पत्नीने पुरचुंडी सोडली आणि तांदूळ पुन्हा डब्यात ओतले. त्या जागेत बीपीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या गेल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, प्रत्येक गोळीचं मूळ नाव त्यावर लिहून घेतलेलं.

परवा ते शेजारी पुन्हा आले होते. कॅलेंडरचं तेच पान, पण आता सहा नावांवर रेघा. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा राहिलं होतं. चौथं नाव अजून ठरलं नव्हतं, शिकागो की ऑरलँडो. त्यांच्या पत्नीने त्यांच्या हातून पेन घेतला, दोन्ही खोडली आणि तिथे नातीचं नाव लिहिलं.